खुंटीला हात लावायचा नाही

सोमवार, ४ मार्च
पुन्हा तेच! क्लासमध्ये व्हायोलिन काढलं, एक सूर वाजवला आणि बाईंनी पेन खाली ठेवलं. "बारीक तार चढलीय. कोणी लावली?"

मी म्हटलं, मी. धडधडीत खोटं. आमच्या घरी तारा फक्त बाबा लावतात. आजोबांपासूनचा नियम — परीक्षा पास होईपर्यंत शिकणाऱ्याने खुंटीला हात लावायचा नाही, कान बिघडतो. लहानपणापासून मी बाबांकडेच शिकले. त्यांची तार कशी चुकेल?

पण बाईंनी ती उतरवली तेव्हा कानाला बरं वाटलं. म्हणजे माझाच कान बिघडला?

मंगळवार, ५ मार्च
गज थरथरतो. करंगळी आखडते. खांदा वर चढतो तो उतरतच नाही. बाई म्हणाल्या, "अगं, हलका धर. पळून जाणार नाही तो." सगळे हसले. मीही हसले.

शुक्रवार, ८ मार्च
सकाळी बाबांनी तारा लावल्या. नेहमीसारखे डोळे मिटून — डोळे फसवतात म्हणे. बारीक तार मला चढीच वाटली. "बरोबर ना?" मी मान हलवली.

जिन्यात थांबून खुंटी किंचित सैल केली. बाबांच्या खिशात हात घातल्यासारखं वाटलं.

क्लासमध्ये आज बाईंनी पेन खाली ठेवलं नाही.

सोमवार, ११ मार्च
जेवताना आई बाबांना म्हणाली, टीव्ही जरा हळू लावा, शेजारच्यांनाही आपल्याच बातम्या ऐकाव्या लागतात. बाबा आमटी वाढून घेत राहिले.

बुधवार, १३ मार्च
कान माझा बिघडला असेल तर शनिवारची परीक्षा गेली. माझा नसेल तर — नाही, लिहवत नाही.

शुक्रवार, १५ मार्च
उद्या परीक्षा. संध्याकाळी बाबा म्हणाले, पहिला तुकडा वाजवून दाखव. तो सगळा बारीक तारेवरचा, हळुवार. ते खुर्चीत डोळे मिटून बसले. मी वाजवला. गज थरथरला नाही, करंगळी आखडली नाही. इतका चांगला तो कधीच झाला नव्हता! शेवटचा सूर विरेपर्यंत थांबले, गज खाली घेतला.

बाबांनी डोळे उघडले नाहीत. म्हणाले, "घाबरतेस कशाला? कर की सुरू."