पेट्रोलचीच का घेतली

सावेडी, नगर

प्रिय गंधार,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकू नकोस. आम्ही दोघंही हिंडतोफिरतो आहोत. फोन असताना आईला पत्र लिहायची हुक्की का आली, असं तुला वाटेल. त्याला कारण आहे आणि ते सांगायला मला वेळ लागणार आहे, तेव्हा चहा घेऊन बस. तुझ्या रॉटरडॅमच्या त्या पिशवीतल्या पाण्याला चहा म्हणायचं असेल तर.

आधी भांडणाचं बोलते. आपण सगळ्यांनी मिळून ठरवलेली प्लग-इन हायब्रीड मी रद्द केली आणि साधी पेट्रोलची सात सीटर दारात आणून उभी केली, तेही तुला न विचारता. "आई, बाबांनी जन्मात एक वस्तू हौसेनं मागितली आणि तीही तू होऊ दिली नाहीस," असं तू म्हणालास. मला चिकटही म्हणालास. त्याचं काही नाही, बँकेत नोकरी केलेल्या बाईला ते कौतुकच वाटतं. पण बाबांचं मन मोडलं म्हणालास ते लागलं. फोन नेहमीसारखा स्पीकरवर होता आणि बाबा शेजारी बसले होते, म्हणून मी गप्प राहिले. तेव्हापासून तुझा रविवारचा फोनच बंद आहे.

खरं सांगू, त्या गाडीच्या गप्पांत मला फार मजा यायची. जुनी गाडी विकून झाली होती, नवी यायची होती, आणि तुम्ही बापलेक दर रविवारी घोळ घालत बसायचात. तू समजावून सांगायचास की ही घरच्या प्लगवर चार्ज होते. भाजी, दवाखाना, बँक, दिल्ली गेटपर्यंतची चक्कर, सगळं विजेवर. पुढे सुट्टीत तू, अपूर्वा आणि चिमुरडी आलात की सगळ्यांनी मिळून अकोले तालुक्यातल्या डोंगरात जायचं, भंडारदऱ्याला मुक्काम करायचा, तेव्हा लांबच्या रस्त्याला पेट्रोलचं इंजिन आहेच. बाबा सगळं ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "अरे, पण वीज गेली तर?" तू म्हणायचास, "मग पेट्रोल आहे ना बाबा." थोड्या वेळानं पुन्हा, "वीज गेली तर?" फोन ठेवता ठेवता परत एकदा तेच. तू हसून म्हणायचास, "आई, बाबा माझी तोंडी परीक्षा घेतायत."

आपल्या घरात ते खरंच वाटण्यासारखं होतं. तू लहान असताना ते एकच प्रश्न तुला सकाळी विचारायचे, मग जेवताना, मग झोपताना. तीनदा न अडखळता आलं तरच आलं म्हणायचं, हा त्यांचा कायदा. कॉलेजातही भौतिकशास्त्राच्या तोंडीला पोरं त्यांना टरकायची ती त्याच्यासाठीच. त्यामुळे तुला वाटलं उजळणी चाललीय, मलाही तेच वाटलं. शोरूमचा मालक राधाकृष्ण त्यांचा विद्यार्थी. त्यालाही त्यांनी बसल्या बैठकीला तेच तीनदा विचारलं. त्यानं तीनदा त्याच शब्दांत उत्तर दिलं आणि वर, "पास का सर?" म्हणून हात जोडले. अर्ध्या नगरला ह्यांनी शिकवलंय. सर पुन्हा विचारतात म्हणजे आपलंच उत्तर कच्चं असणार, असं इथे सगळे धरून चालतात.

त्याच राधाकृष्णानं एक हायब्रीड आमच्या दारात आणून लावली. "सर, दोन दिवस घरी ठेवा, चालवून बघा." बाबा लहान मुलासारखे खूश. पोर्चमधल्या प्लगला वायर लावून स्टूल घेऊन तिच्याजवळ बसले, जशी काही म्हैस विणार आहे. मला गाडीत बसवून प्रोफेसर कॉलनी चौकापर्यंत नेऊन आणलं. "बघ दमयंती, आवाजच नाही." राधाकृष्णही तिचा हाच गुण सारखा सांगत होता. आणि खरंच आवाज नव्हता. घरात बसलेल्या माणसाला ती आली की गेली काही कळू नये.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी स्वयंपाकघरात होते, कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. जेवायला हाक मारायला बाहेर आले तर पोर्च रिकामा. वायर नीट गुंडाळून ठेवलेली, फाटक सताड उघडं. मला वाटलं पेपर आणायला गेले. मग वाटलं राधाकृष्णाकडे गेले. त्यांना फोन लावला, तो वाजत राहिला, आणि शेवटी एका परक्या माणसानं उचलला. तुझ्या शाळेचा वॉचमन, अजिनाथ. "बाई, सर हितं शाळंच्या गेटावर गाडी लावून बसल्यात. आज रविवार हाय, शाळा बंद हाय म्हनलं, तर म्हनत्यात सुटंल आता, पोराला घिऊन जातो. लई येळ झाला, ऊन बी लई हाय. तुमी या."

मी रिक्षानं गेले. बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून ताठ बसले होते. तू दप्तर टाकून ज्या बाजूनं चढायचास, त्या बाजूचं मागचं दार त्यांनी उघडून ठेवलं होतं. मला बघून म्हणाले, "अजून आला नाही गं. आज सोडायला उशीर केलाय ह्यांनी." मी शेजारी बसले. मग ते माझ्याकडे बघत राहिले, माझ्या पांढऱ्या केसांकडे, आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचा तो सगळा भरवसा उतरत गेला. गंधार, तुझी आजी गेली तेव्हासुद्धा मी ह्यांना असं पाहिलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "मी इथे कशाला आलो?"

गाडी राधाकृष्णाचा माणूस घेऊन गेला आणि आम्ही रिक्षानं घरी आलो. भर नगरच्या रस्त्यात ह्यांनी माझा हात धरला. उभ्या संसारात कधी धरला नव्हता, लोक काय म्हणतील म्हणून. आणि घर येईपर्यंत एकच म्हणत होते, "गंधारला सांगू नकोस. त्याच्यापुढे मला नापास करू नकोस." मी कबूल केलं.

मग पुण्याच्या डॉक्टरांकडे गेलो. स्मृतिभ्रंश आहे म्हणाले. औषधं दिली आहेत, त्यानं वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही असं बजावलं. बाबांनी मान डोलावली आणि बाहेर येऊन मला विचारलं, "मग कुठली घ्यायची ठरलं? प्लग-इन ना?"

आता कळलं का तुला, पेट्रोलचीच का घेतली ते? तू म्हणशील, किल्ली लपवायची. लपवते ना, पिठाच्या डब्यात ठेवते. पण एखाद्या दिवशी मी विसरेन. एखाद्या दिवशी अंघोळीला जाईन. तेव्हा इंजिन सुरू झालं तर मला घरात ऐकू आलं पाहिजे. ती नुसतं बटण दाबून निघून जाणारी मुकी गाडी मला नको होती. आवाज सगळ्यात मोठा कुठल्या गाडीचा, असं विचारणारी त्या शोरूममध्ये मीच पहिली असेन. राधाकृष्ण बिचारा डोकं खाजवत होता. त्यालाही मी कारण सांगितलं नाही. उद्या गावभर झालं असतं. चिकट म्हातारी म्हणाला असेल मनात. म्हणू दे.

गाडी मुळात घेतलीच कशाला, असंही तुला वाटेल. एक तर ह्यांना दारात गाडी हवी होती, रोज विचारत होते. आणि दुसरं, मी चालवायला शिकते आहे. हसू नकोस. या वयात ड्रायव्हिंग क्लासला जाते. शिकवायला संस्कृती नावाची मुलगी आहे, माझी नात शोभेल एवढ्याच वयाची. ती सारखी ओरडते, "काकू, क्लच! काकू, ती म्हैस!" परवा भिंगारपर्यंत नेऊन आणली. बाबांना दवाखान्यात न्यायचं झालं तर कुणाचं तोंड बघायला नको, एवढाच माझा हिशेब होता.

पण झालं भलतंच. बाबा त्या गाडीला हातच लावत नाहीत. किल्ली शोधत नाहीत, काही नाही. मी उगाच कान टवकारून बसत होते. त्यांच्या मनानं घेतलंय की ही गंधारची गाडी आहे. रोज संध्याकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालतात, बूट चढवतात आणि ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसतात. मी म्हटलं, चला, मी नेते फिरायला. तर म्हणाले, "मालक येऊ दे. तो चालवेल." मग मी मागे बसते. शेजारचे लोक फिरायला निघालेले असतात, ते विचारतात, काय सर, कुठे दौरा? हे सांगतात, भंडारदरा. अंधार पडला की मी म्हणते, आज त्याला उशीर झाला वाटतं, आणि आम्ही उतरून घरात येतो.

हे मी फोनवर कसं सांगणार होते? फोनवर ते माझ्या खांद्याला खांदा लावून बसतात. माझा मोबाईल ते रोज वाचून काढतात, तुझं काही आलंय का बघायला. म्हणून कागद घेतला. ते आता झोपलेत दुपारचे. मी त्यांना दिलेला शब्द मोडते आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. परवा त्यांनी तुझा लग्नातला फोटो हातात घेतला आणि बराच वेळ बघून मला विचारलं, "हा एवढा मोठा कधी झाला?" तुझं नाव त्यांच्या ओठावर आहे, चेहरा मात्र निसटायला लागलाय. गाडी कुठली घ्यायला हवी होती यावर तू माझ्याशी हवं तेवढं भांड, पण इथे येऊन भांड. डिसेंबरच्या सुट्टीची वाट बघू नकोस. आलास की त्यांना काही समजावत बसू नकोस, सरळ ड्रायव्हरच्या सीटवर बस आणि गाडी सुरू कर. उशीर केलास म्हणून ते रागावतील. रागावू देत. कुणावर रागवायचं हे अजून त्यांना माहीत आहे, तोवर ये.

तुझी वाट बघणारी, आणि तुझ्यावर जराही न रागावलेली,
तुझीच
आई