बिनखिडकीची खोली

ता. ३ मार्च, जहाजावरून

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही तिघं सुखरूप चढलो. इथे फोन लागत नाही, पण रोज अर्धा तास इंटरनेट मिळतं, म्हणून ईमेल करते आहे, तोही तुझ्या शिस्तीत मायना घालून. जन्मभर कचेरीत टाइपरायटर बडवलेल्या बाईला ‘हाय आई’ लिहिलं तर ती ते तांबड्या शाईने परत पाठवील, हे मी जाणून आहे.

घोटा कसा आहे? प्लास्टरच्या आत पेन्सिल घालून खाजवू नकोस. आमच्या यांची रजा नामंजूर व्हावी, ऐन वेळी तू पायरी चुकावीस आणि तिकिटावरचं तुझं नाव बदलून बाबांनी यावं, हे मला अजून खरं वाटत नाही. तीस वर्षं मालवाहू जहाजांच्या भटारखान्यात काढलेला माणूस आज पहिल्यांदा प्रवासी म्हणून चढला. त्यातही सवयीने कर्मचाऱ्यांच्या दारातून आत गेले. तिथल्या पोऱ्यांनी सलाम ठोकला म्हणे, आणि मी इकडे भिंगरीला कडेवर घेऊन माणूस हरवला म्हणून घामाघूम!

खोली फक्कड आहे. वरून दुसरा मजला, अगदी पुढचं टोक, समोर गॅलरी आणि नुसता समुद्र. चष्म्याच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसलं की तीन महिने मी जहाजाचे हेच नकाशे बघत होते. भिंगरीसाठी कठड्याची छोटी खाट आणून दिली आहे. थोरल्या नणंदबाई म्हणाल्या होत्या की सतरा महिन्यांचं पोर बोटीवर नेणं म्हणजे पैसे देऊन डोकेदुखी विकत घेणं. त्यांना या गॅलरीचा फोटो आधी पाठवला, मग बूट काढले.

एकच खंत. भिंगरी बाबांकडे अजिबात जात नाही. त्यांच्या मिशा दिसल्या की भोकाड पसरते. तेही बिचारे दोन हात लांबच उभे राहतात. खोली बघून त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी खोदून विचारलं, तर छान आहे म्हणाले.

बाकी ठीक. तुझी माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
खारूताई


ता. ४ मार्च, घरून

चि. सौ. खारूताई हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

पत्र पोचलं. शुद्धलेखनाच्या चुका चार, पण समुद्र बघून बोटं घसरली असतील, म्हणून माफ. घोटा ठणकतो आहे. पेन्सिल घातली नाही, विणायची सुई घातली.

सामान नीट लावलंस का? लहानपणी तू पेन्सिलींचे तुकडे, बटणं, रिकाम्या डब्या साठवायचीस म्हणून खारूताई नाव पडलं. आता पोरीचे बावीस झबले आणि नऊ टोप्या नेल्या आहेस, म्हणजे खोड गेलेली नाही. भिंगरीला गॅलरीत क्षणभरही एकटी सोडू नकोस. उन्हाची टोपी घाल, नऊपैकी कोणतीही.

यांना काही विचारत बसू नकोस. पोरांच्या बाबतीत ते बोलत नाहीत, तुला ठाऊक आहे. ओझी उचलतील, रांगेत उभे राहतील, तेवढं काम घे. स्वभाव आहे एकेकाचा.

भिंगरीचा पापा घे. उत्तर धाडत जा, इथे प्लास्टरशी किती बोलणार!

तुझी,
आई


ता. ६ मार्च, जहाजावरून

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आई, सगळं फसलं गं.

परवा संध्याकाळपासून समुद्र खवळला आहे. आमची खोली वर जाते, खाली येते, बाजूला कलते. भिंगरीच्या पोटात काही ठरत नाही. दूध दिलं, उलटलं. केळं दिलं, उलटलं. आता चमचा दिसला तरी तोंड फिरवते. दिवसभर नाचणारी पोर माझ्या खांद्यावर मान टाकून पडली आहे. जहाजावरच्या डॉक्टरीणबाई दोनदा येऊन गेल्या. मीठसाखरेचं पाणी थोडं थोडं पाजते आहे, तेवढंच आत राहतं. त्या म्हणाल्या की घाबरण्यासारखं अजून नाही, पण उद्या संध्याकाळपर्यंत ती खायला लागली नाही, तर परवा जहाज बंदराला लागेल तिथे उतरा आणि विमानाने घरी जा.

बाळंतपणानंतर पहिल्यांदा घराबाहेर पडले होते. कोणाचं ऐकलं नाही, हौसेने सगळं ठरवलं, आणि माझ्या हौसेपायी पोर आजारी पडली. नणंदबाईंना काय तोंड दाखवू? तेही जाऊ दे. तिचा चेहरा बघवत नाही.

आणि बाबा! दोन दिवस ते आमच्या दाराबाहेर, बोळात, स्टूल घेऊन बसले आहेत. आत येत नाहीत, जातही नाहीत. आज माझा तोल गेला. मी म्हटलं, तीस वर्षं समुद्रावर काढलीत, नवशिक्या पोरांच्या उलट्या बघितल्या असतील, मग एक शब्द तरी सांगा की! त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, तुझ्या आईला विचार. तुला काय विचारायचं? तू तर कधी होडीतही बसली नाहीस. मी दार लावून घेतलं, आणि आता त्याचंही वाईट वाटतं आहे.

तू इथे हवी होतीस.

तुझी,
खारूताई


ता. ६ मार्च, घरून, तुझं पत्र मिळताच

चि. सौ. खारूताई हिस,
अनेक आशीर्वाद.

त्यांच्यावर रागावू नकोस. दोष माझा आहे. हे पत्र नीट वाच, आणि याच्या खाली त्यांना चार ओळी लिहिल्या आहेत, त्या छापून घेऊन त्यांच्या हातात दे.

तू अडीच वर्षांची होतीस. ते अकरा महिन्यांनी घरी आले होते. तू त्यांना काका म्हणालीस, आणि हे काका कधी जाणार असं मला विचारलंस. ते हसले, पण मला दिसायचं ते दिसलं. आठवडाभर ते तुझ्या मागे मागे फिरत होते. मग त्यांनी आपल्या हाताने अंड्याचं कस्टर्ड केलं आणि पहिल्यांदा तू त्यांच्या मांडीवर बसून वाटीभर खाल्लंस. त्याच रात्री तू तापाने फणफणलीस. मी एकटीने तुला वाढवत होते, झोप नव्हती, धीर नव्हता. मी त्यांना बोलले की तुम्ही दोन महिन्यांचे पाहुणे आहात, पाहुण्यासारखे राहा, माझ्या मुलीच्या बाबतीत तोंड उघडायचं नाही. त्यांनी कबूल केलं. दोनच दिवसांनी तातडीचं बोलावणं आलं आणि ते जहाजावर गेले.

ते गेल्यावर तुला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले कानात पू झाला आहे, खाण्याचा काही संबंध नाही. खारूताई, मी त्यांना दर आठवड्याला पत्र लिहीत होते. दुकानदाराची भांडणंसुद्धा कळवायची. ही एक ओळ मात्र लिहिली नाही. आधी राग होता, मग लाज वाटायला लागली, आणि मग इतकी वर्षं गेली की कुठून सुरुवात करावी ते कळेना. त्यांचा शब्द त्यांनी पाळला. स्वभाव आहे, असं मी तुला परवा लिहिलं, ते खोटं होतं.

भिंगरीच्या आजोबांस,
सा. न. वि. वि.
लेकीला तेव्हा ताप आला तो कानामुळे. तुमच्या कस्टर्डमुळे नाही. मला चौथ्या दिवशीच कळलं होतं आणि मी एकतीस वर्षं सांगितलं नाही. माझा शब्द मी परत घेते. क्षमा मागायची ती समोर मागीन, आता त्याला वेळ नाही. नात आजारी आहे, तुम्हाला त्यातलं कळतं. बोला.

तुमची,
सौ.


ता. ७ मार्च, जहाजावरून

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी बातमी: भिंगरी जेवली! आता बैजवार सांगते.

काल तुझं पत्र येताच स्वागतकक्षातून कागद छापून आणला आणि बाबांच्या हातात दिला. त्यांनी बोळातच उभ्याने दोनदा वाचला. घडी घालून खिशात ठेवला, तोंड धुऊन आले, आणि आत पाऊल टाकल्या टाकल्या पहिलं वाक्य काय, तर म्हणाले की ही खोली कोणत्या शहाण्याने निवडली! वरचा मजला आणि पुढचं टोक, म्हणजे अख्ख्या जहाजात सगळ्यात जास्त हेलकावे खाणारी जागा. लहान पोराला खाली आणि मधोमध ठेवायचं, तिथे डोलणं निम्म्याहून कमी. पहिल्याच दिवशी तोंड उघडून मिटलं होतं, ते हेच.

मी म्हटलं, आता खोली बदलून कोण देणार? स्वागतकक्षातली मुलगीही तेच म्हणाली, जहाज भरलेलं आहे. बाबा म्हणाले, खिडकी नाही म्हणून ज्याने सगळ्यात जास्त कटकट केली असेल, त्याला बोलवा. पाच मिनिटांत खालच्या मजल्यावरचं एक नवं लग्न झालेलं जोडपं धावत आलं. त्यांना आमची गॅलरी दाखवली मात्र, नवरी बॅगा भरायलाच पळाली. मुलीने नोंदवहीत फिरवाफिरव करून दिली आणि अर्ध्या तासात आम्ही बिनखिडकीच्या एवढ्याशा खोलीत. आई, तिथे पाण्याचा पेलासुद्धा जागचा हलत नव्हता!

मग ते भटारखान्यात गेले, पुन्हा त्या चुकीच्या दाराने. तिथल्या मुख्य आचाऱ्याला काय सांगितलं कोण जाणे, कोरडा टोस्ट आणि मीठ घातलेला उकडलेला बटाटा घेऊन आले. दूध बंद, आडवी निजवायची नाही, टेकून बसवायची, आणि दर दहा मिनिटांनी अर्धा चमचा, जास्त मागितलं तरी नाही. डॉक्टरीणबाईंना बोलावून विचारलंही. त्यांनी मान डोलावली.

भिंगरीने मिशा बघून भोकाड पसरलंच. मी पुढे सरसावले, तर मला हाताने थांबवलं. तिला चुचकारलं नाही, काही नाही. तिच्याकडे पाठ करून जमिनीवर फतकल मारून बसले आणि स्वतःच बटाटा खायला लागले, अगदी मचमच आवाज करत. पाच मिनिटं गेली. रडणं थांबलं. मग ही खाटेवरून उतरायला हात पसरायला लागली. मी खाली ठेवली, तशी रांगत गेली, त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि त्यांच्या हातातला बटाटा आपल्या तोंडात घातला. बाबा हलले नाहीत. मी तोंडात पदर कोंबावा तसा टॉवेल कोंबून रडत होते.

आज संध्याकाळी डॉक्टरीणबाई तपासायला आल्या, तर भिंगरीने त्यांना चमचा फेकून मारला. उतरायची काही गरज नाही, म्हणाल्या. आम्ही जिंकलो, आई! पूर्ण सहल करणार!

कानाचं वाचलं. मला राग आला आहे की नाही, ते मला अजून नीट कळलेलं नाही. आल्यावर बोलू. पण तू ते लिहिलंस, आणि वेळेवर लिहिलंस.

ताजा कलम, एक तक्रार. तू शब्दातून मोकळा केलेला हा माणूस आता आवरत नाही. काल झबला उलटा घातला म्हणून मला बोलले, आज टोपी तोकडी आहे म्हणून. शेजारच्या खोलीतल्या बाईंना त्यांच्या नातवाला कसं बसवायचं ते शिकवून आले. एकतीस वर्षांचं साठलेलं मला ऐकावं लागणार, असं दिसतं आहे.

घोटा जप, आणि लोभ आहे तो वाढवत ने.

तुझी,
खारूताई


ता. ८ मार्च, बंदरावरून

प्रिय सौ. हिस,
अनेक आशीर्वाद.

मला ईमेल येत नाही. हे इथल्या टपालपेटीत टाकतो आहे. आम्ही पोचल्यावर बहुधा हे पोचेल.

तुझ्या चार ओळी वाचल्या. पहिला दिवस पोरीच्या गडबडीत गेला. दुसऱ्या दिवशी मला राग आला, खोटं कशाला सांगू. डेकवर सात फेऱ्या मारल्या. प्रत्येक जहाजावर मी कस्टर्ड करायचं टाळत आलो, खलाशी मागायचे तरी. तुला हे माहीत नव्हतं, कारण मीही लिहिलं नाही. दोघांनीही आठवड्याला चार चार पानं भरली आणि कामाचं तेवढं वगळलं. घरी आल्यावर मी याबद्दल थोडं ओरडणार आहे. तू ऐकून घे. मग तूही ओरड, तुझंही बरंच राहिलं असेल. एकटीने ताप काढायचीस, ते मला कधी दिसलंच नाही.

काल दुपारी भिंगरी माझ्या छातीवर झोपली. दोन तास दहा मिनिटं. डावा हात बधिर झाला, नाकाला खाज सुटली, तरी हललो नाही. तेवढ्यात राग बराचसा गेला. मिशा तिला अजून पसंत नाहीत. झोपेत एक केस उपटला.

आज जहाज बंदराला लागलं. परत फिरायला नव्हे, हिंडायला उतरलो. शिडीवरून आजवर शेकडो वेळा उतरलो असेन, नेहमी एका हातात ट्रंक आणि डोक्यात रजेचे दिवस मोजणं. आज भिंगरी कडेवर होती. खारूताई पिशव्या शोधत मागे राहिली होती. खाली धक्क्यावरचा अधिकारी कागद बघत होता. त्याने विचारलं, हे बाळ कोणाबरोबर आहे.

मी मागे वळून पाहिलं नाही. म्हटलं, माझ्याबरोबर.

पायाला आराम दे. तुझ्यावर माया होती, आहे. रागातही होती.

तुझाच,
भिंगरीचा आजोबा