पिवळी रेघ

प्रिय मास्तर,

'प्रिय' लिहायचं की नाही, यावर माझी अख्खी दुपार गेली. शेवटी लिहिलं, कारण पन्नास वर्षांची सवय आहे आणि त्याऐवजी जो शब्द तोंडात येत होता तो कागदावर लिहिण्यासारखा नव्हता. अक्षराकडे बघून हसू नकोस. पोरांच्या वह्या तपासण्यात तुझा जन्म गेला, तेव्हा हेही लागेल तुला. नाहीच लागलं तर वहिनींना दाखव. त्यांनाही सगळं ठाऊक आहेच म्हणे. आठ दिवस मी तुझ्यासमोर आलो नाही. तू तीन फोन केलेस, दोनदा दारात येऊन गेलास आणि दोन्ही वेळा आमच्या हिनं मी झोपलोय म्हणून सांगितलं. मी झोपलो नव्हतो. आतल्या खोलीत खुर्चीवर बसून तू तिच्याशी हळू आवाजात काय बोलतोस ते ऐकायचा प्रयत्न करत होतो. ऐकू आलं नाही, पण तुमची ती कुजबुज ऐकायला मी कधीचंच शिकायला हवं होतं.

चार वर्षांपूर्वी वहिनींच्या वडिलांची ती गाडी ताडपत्रीखालून आपण दोघांनी बाहेर ओढली, तेव्हा तुला पाना कुठल्या बाजूनं धरायचा हेसुद्धा माहीत नव्हतं. मागच्या सीटमध्ये उंदरांचं बाळंतपण झालेलं, चारी टायर जमिनीला चिकटलेले आणि तू हातात वही घेऊन उभा. भूगोलाचा मास्तर तू, तुला आधी नकाशा लागतो. गाडीचंही चित्र काढलंस, जे जुनं ठेवायचं ते तपकिरी आणि जे नवं घालायचं ते हिरवं. स्टिअरिंग, समोरचं गोल घड्याळ, दाराच्या मुठी, इंजिन तपकिरी. ब्रेक, वायरिंग, दिवे, सीटचे पट्टे हिरवे. ब्रेक हिरवे बघून मी तुझ्याशी किती भांडलो होतो! म्हटलं, ही गाडी आहे तशी उभी करायची, नाहीतर भंगारात घाल. तू म्हणालास, म्हाताऱ्या माणसाला चष्मा दिला म्हणून तो दुसरा माणूस होत नाही. तुझं तोंड म्हणजे ना! पाना उचलला आणि कामाला लागलो.

मी सदतीस वर्षं बसच्या वर्कशॉपात फिटर होतो, मास्तर. माझ्याकडे शाळेचं एकच प्रमाणपत्र आहे आणि त्यावर लिहिलेलं वाचून कुणी कधी मला काम दिलं नाही. काम दिलं ते या हातांकडे बघून. रोज तीस-चाळीस माणसं घेऊन घाट उतरणारी बस माझ्या हाताखालून सुटायची आणि मी घरी येऊन निवांत जेवायचो. मी मोठा आहे असं म्हणण्यासारखी तेवढी एकच गोष्ट माझ्याकडे होती. तुला ते पक्कं माहीत होतं, म्हणून तर सगळ्यांदेखत मला 'उस्ताद' म्हणायचास.

वर्कशॉपातला तो पिवळ्या रेघेचा नियम मीच तुझ्या शेडमध्ये आणला. नट पूर्ण आवळला की त्याच्यावरून खालच्या लोखंडापर्यंत पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढायची. नट जरा जरी सैल झाला तरी रेघ तुटलेली दिसते. आणि ज्यानं आवळलं त्यानंच रेघ मारायची. दुसऱ्याच्या कामावर आपली रेघ मारायची नाही, कारण ती नुसती खूण नसते, तो शब्द असतो. एकदा रेघ पडली की त्या नटाला पुन्हा कुणी पाना लावायचा नाही. तू पहिल्या दिवशी हसलास, म्हणालास, हे तर आमच्या लाल पेनासारखं झालं. पण नियम पाळलास. मी डावखुरा, माझी रेघ वरून खाली येताना उजवीकडे कलते. तुझी डावीकडे. कोणाचं काम कुठलं ते गाडीखाली आडवं पडल्या पडल्या कळायचं.

पहिली तीन वर्षं खोलण्यात, गंज काढण्यात आणि सुटे भाग जमवण्यात गेली, खरी जोडणी सुरू झाली ती गेल्या वर्षी, आणि तेव्हाच बशीत कप वाजायला लागला. मी बशीला दोष दिला, बश्या बदलल्या. मग शर्टाची बटणं लागेनात, तर म्हटलं शिंप्यानं काजं बारीक केलीत. डॉक्टरनं आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, हळूहळू वाढत जाईल म्हणाला. मी ती चिठ्ठी कपाटात कपड्यांखाली सारली आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर तुझ्या शेडमध्ये हजर झालो. तू काही विचारलं नाहीस. माझा हात थरथरताना तू बघत होतास, हे मला दिसत होतं, पण तू लगेच दुसरीकडे बघायचास. मला वाटलं, मित्र असावा तर असा. आणि काम संपवून मी हात पुसायला लागलो की तू रोज गाडीखाली डोकावून तेच म्हणायचास:

"उस्ताद, हात अजून तोच आहे हं!"

वर्षभर मी त्या एका वाक्यावर जगलो, मास्तर. खोटं नाही सांगत. घरी जाताना वाटेत ते मनाशी घोळवायचो. डॉक्टर गेला उडत, म्हणायचो, चहा सांडला तर सांडू दे, पाना हातात आला की हात ऐकतो.

तुझी नात सुट्टीत आली होती, तेव्हा शेडमध्ये फरशीवर ब्रेक ऑइलचं थारोळं सापडलं होतं ना? तू म्हणालास, बाटली माझ्या हातून कलंडली. आणि मी त्या पोरीसमोर तुला काय काय बोललो! धांदरट म्हटलं, बावळट म्हटलं, भूगोल शिकव म्हटलं, लोखंडाला हात लावू नकोस. तू खाली मान घालून फडक्यानं फरशी पुसत होतास. ती पोर तुझ्याकडे बघून हसत होती. आता मला ठाऊक आहे की कुठलीही बाटली कलंडली नव्हती. ते मी बसवलेल्या पाईपातून गळलं होतं. मला त्या दिवसाची लाज वाटते, आणि लाज वाटते म्हणून तुझा जास्तच राग येतो.

मागच्या गुरुवारी तू वहिनींना घेऊन डोळे तपासायला गेलास, तेव्हा किल्ली माझ्याकडे होती. या येत्या रविवारी गाडी पहिल्यांदा रस्त्यावर निघायची, म्हणून म्हटलं एकदा शांतपणे खालून बघून घ्यावी. तपासायला नाही रे, नुसती बघायला. चाकं लावलेल्या फळीवर पाठ टेकली, दिवा घेतला आणि सरकलो आत. पुढच्या ब्रेकच्या नटावर रेघ दिसली, ती डावीकडे कललेली. म्हटलं, हा मास्तरनं आवळला असेल. शेजारचा बघितला, तोही डावीकडे. स्टिअरिंगचे, इंजिनाच्या बैठकीचे, पाईपांचे, सगळे एकाच बाजूला कललेले, फळ्यावर पट्टीनं आखल्यासारख्या सरळ रेघा. माझी रेघ वर्षभरात सरळ आलेली नाही, ते मलाही दिसत होतं. नट मी आवळले, मास्तर. एकेक मला आठवतोय, कोणत्या दिवशी, रेडिओवर काय चाललं होतं तेसुद्धा. एका नटाच्या खोबणीत थिनरनं पुसलेला पिवळा रंग थोडासा राहून गेला होता. मी नखानं खरवडून बघितला. तो माझा होता.

म्हणजे मी दुपारी घरी गेलो की तू माझी रेघ पुसायचास, माझा नट सोडायचास, पुन्हा आवळायचास आणि तुझी रेघ मारायचास. वर्षभर. आणि दुसऱ्या दिवशी मला सांगायचास की हात तोच आहे. मी गाडीखाली पडल्या पडल्या मोजत गेलो. एक्केचाळीस झाल्यावर मोजणं सोडलं. यातली गंमत कळली का तुला? तुला माझ्यासारखी उजवीकडे कलती रेघ मारता आली असती, मला जन्मात पत्ता लागला नसता. पण नाही. ज्यानं आवळलं त्यानंच रेघ मारायची! मला फसवताना माझाच नियम पाळत बसलास. तुझ्यासारखा प्रामाणिक लबाड मी उभ्या आयुष्यात बघितला नाही.

घरी येऊन हिला विचारलं. ही भाजी निवडत होती, हात थांबले तिचे. मला वाटलं, नाही म्हणेल, निदान आश्चर्य तरी करेल. ती म्हणाली, "मीच सांगितलं होतं त्यांना. तुम्हाला घरात नुसतं बसलेलं मला बघवलं नसतं." म्हणजे चिठ्ठी कपड्यांखाली ठेवून मी ज्यांच्यापासून लपवत होतो त्या तुम्ही तिघांनी मिळून माझ्यासाठी एक खेळणं मांडलं होतं. लहान पोराच्या हातात खोटा पाना द्यावा, कर म्हणावं दुरुस्ती, आणि त्याचं तोंड वळलं की खरं काम उरकून घ्यावं, तसं. केसानं गळा कापलात तुम्ही माझा. शत्रूनं केलं असतं तर दोन शिव्या हासडून मोकळा झालो असतो. तुम्हाला काय म्हणू? माझ्या भल्यासाठी केलंत, हे म्हणायचीसुद्धा सोय तुम्ही आधीच करून ठेवलीत.

तू मला तोंडावर सांगायला हवं होतंस. एवढंच माझं म्हणणं आहे. उस्ताद, हा नट सैल राहिलाय, असं एकदा म्हणाला असतास तर मी भडकलो असतो, चार दिवस बोललो नसतो, आठवडाभर कदाचित. मग आलो असतो. तू आवळला असतास, मी शेजारी बसून दिवा धरला असता आणि तुझ्या हाताला नावं ठेवली असती. दिवा धरणाराही कामातच असतो रे. पण तू मला कामातून काढलंस आणि मलाच कळू दिलं नाहीस. वर्कशॉपातून निवृत्त झालो तेव्हा निदान हार घातला होता लोकांनी.

तू म्हणशील, एवढं सगळं लिहायला म्हाताऱ्याला आठ दिवस लागले का. नाही. शिव्यांचं पत्र मी शुक्रवारीच मनात लिहून टाकलं होतं आणि ते पाठवणार नव्हतो. हे लिहितोय ते वेगळ्याच कारणासाठी. गुरुवारी गाडीखालून निघताना मला एक रेघ सापडली होती. मागच्या डाव्या चाकाच्या ब्रेकचा पाईप, धक्के झेलणाऱ्या कमानपाट्याच्या वरचा नट. तू नातीच्या शाळेत गेला होतास त्या दिवशी मी एकट्यानं तो बसवला, आणि तुला सांगायचं राहून गेलं. चाक चढल्यावर तो सहज दिसत नाही. रेघ वेडीवाकडी आहे, पण उजवीकडे कललेली आहे. माझी आहे. ती बघून मला इतका आनंद झाला की मी तिथं फळीवरच रडलो. ठरवलं, बोलायचं नाही. एवढ्या गाडीत एक नट माझ्या हातचा राहू दे. रविवारी गाडी धावू दे, आणि मग तुम्हा तिघांना सांगेन की बघा, तो टिकला. आठ दिवस मी या एका गोष्टीवर गप्प होतो. काल ही सहज म्हणाली की नात मागे बसणार आहे, डाव्या खिडकीशी, तिनं जागा आधीच सांगून ठेवलीय. आज सकाळी तुम्ही सगळे बाहेर असताना मी माझ्याकडेच राहिलेल्या किल्लीनं शेड उघडून आत गेलो, पाना लावला, आणि तो नट घट्ट आहे की नाही हे मला कळलं नाही. पूर्वी पाना टेकवला की बोटांना कळायचं. आज तीनदा लावून बघितला, काहीच कळलं नाही. जास्त जोर लावला तर आटे जातील म्हणून तसाच ठेवला. राग गेलेला नाही, मास्तर, तो राहील. पण रविवारी गाडी काढायच्या आधी ते चाक उतरव, माझी रेघ पूस, तो नट तुझ्या हातानं आवळ आणि त्यावर तुझी रेघ मार. पोर त्या बाजूला बसणार आहे.

रागावलेला, तरीही तुझाच,
उस्ताद