फरशीवरचा आलेख

१३ नोव्हेंबर १९६१, सोमवार

नववीच्या पाचच्या पाच मुली नापास! बीजगणितात एकीलेही दहाच्या वर नाही. हेडमास्तर म्हणाले, "बहनजी, क्यों परेशान होती हैं? लड़कियों को गृहविज्ञान दिलवा देते हैं." मी म्हटलं, अर्धवार्षिकपर्यंत थांबा. "ठीक है. उसमें भी फेल हुईं, तो सिलाई-कढ़ाई."

नववीतले पोरंही नापास झाले. त्यांच्या हाती सुई देऊन राहिले का हे? पेपर उचलून निघाली. स्टाफरूममध्ये मी बसली का सगळ्यांले एकदम कॉप्या तपासायची आठवण होते. माझं आडनाव ऐकलं तेव्हापासून असंच आहे.

१५ नोव्हेंबर

सूत्रं पाठ आहेत. झोपेतून उठवलं तरी धडाधडा म्हणतील. पण त्याचा अर्थ काय, विचारलं का पुन्हा सूत्रच म्हणतात!

कांता — पोलादाच्या प्लांटमधल्या क्लार्कची पोर, वर्गात एकटीच मराठी — सुटीत हळूच जवळ आली. "बाई, मले पाठ होते. पण ते काय हाये, ते दिसत नाही."

दिवसभरात मराठीत कानावर पडलेलं हे एकच वाक्य. घरी येईपर्यंत तेच घोळवत राहिली. दिसत नाही म्हणते, मग दाखवावंच लागेल.

१७ नोव्हेंबर

दुर्गच्या बाजारातही आलेखाचा कागद नाही. दिवाळीची उरलेली रांगोळी मात्र ढिगानं! घेऊन आली. जुन्या पेपरले उदबत्तीनं ओळीत भोकं पाडली. फरशीवर ठेवून वरून रांगोळी फिरवायची, कागद उचलायचा — ठिपक्यांच्या सरळ रांगा. झाला आलेखाचा कागद!

धम्माची दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरी सणाची रांगोळी बंद, आणि मी इथं पिशवीभर आणून बसली. बाबा पाहतील तर हसतील. हसायले तरी कोणी जवळ पाहिजे होतं.

२० नोव्हेंबर

आज य बरोबर क्ष वर्ग. ठिपके पाचही जणींचे बरोबर पडले. आणि जोडले कसे? रांगोळीसारखे! ह्या ठिपक्यापासून त्या ठिपक्यापर्यंत सरळ रेघ, खाली टोक. कमळाची पाकळी काढून ठेवली, अन् वरून खूश! कपाळावर हात मारला मी. पण त्यांचं काय चुकलं? लहानपणापासून असेच ठिपके जोडत आल्या.

मग विचारलं, शून्य आणि एकच्या मधात काय? अर्ध्याचा वर्ग किती? पाव. कांतानं चिमटीनं पावावर ठिपका ठेवला. तो रेघेच्या खाली पडला!

"अगं बाई! रेघ तर खोटी निघाली!" — भर वर्गात, मराठीत! मग कुठला धीर? पावाचा वर्ग, पाऊणचा, दीडचा. ठिपकेच ठिपके, आणि टोक गेलं. झोळीसारखी गोल वाकली रेघ. घंटी झाली तरी उठेनात.

कोणाले तरी सांगावं म्हणून झपाझपा घरी आली. दाराले कुलूप. मीच लावलेलं.

३ डिसेंबर, रविवार

आज कोणाशीच बोलली नाही. भाजीवालीलेही बोटानंच दाखवलं.

६ डिसेंबर

बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली. त्रिशरण एकटीनंच म्हटलं, हळू आवाजात. प्लांटमध्ये आपले लोक पुष्कळ आहेत म्हणतात. माझ्या क्वार्टरच्या ओळीत कोणी नाही. नागपूरले आज घरचे सगळे सोबत असतील. खूप रडली.

८ डिसेंबर

क्ष वर्गातून चार वजा केले. सगळी झोळी खाली सरकली आणि आडव्या रेघेले दोन जागी कापून गेली — अधिक दोन, उणे दोन.

मग फळ्यावर सूत्रानं त्याचे कंस मांडले — (क्ष + २)(क्ष − २). कांता अडली. "बाई, कंसात तर अधिक दोन हाये. मग उणे दोनवर कावून कापते?"

"ठेव ना उणे दोन त्या कंसात."

ठेवलं. शून्य! "मंजे सूत्र इथं बसून होतं!" बाकीच्या चौघी 'क्या बोली, क्या बोली' करून राहिल्या. तिनं त्यांले हिंदीत समजावलं, माझ्यापेक्षा चांगलं. मले इतका आनंद झाला का विचारू नका. विचारणार तरी कोण आहे!

हेडमास्तर दारात उभे होते. फरशीकडे पाहून म्हणाले, "वाह! बड़ी सुंदर बनी है." आणि गेले.

१८ डिसेंबर

पेपर झाला. बाहेर आल्यावर कांता नुसती हसली. मले जेवण गेलं नाही.

२३ डिसेंबर, शनिवार

पाचही पास! कांताले बहात्तर.

हेडमास्तरांनी बोलावलं. खुर्ची दिली — पहिल्यांदाच. "बहनजी, कमाल कर दिया! लड़कियाँ अलजेब्रा में ही रहेंगी. जनवरी से नए मास्टर साहब आ रहे हैं, वही पढ़ाएँगे. आपके हाथ में तो हुनर है — आप गृहविज्ञान सँभालिए."

मुली बीजगणितात राहिल्या. शिवणाच्या वर्गात मी चालली.