हौसाच्या दारातलं झाड

मी, चंपत सखाराम उलेमाले, वय एकाहत्तर, धंदा फुलं आणि भाजीपाल्याचा मळा, राहणार अनसिंग, तालुका जिल्हा वाशीम, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या धाकाने नाही आणि कोणाच्या गोडीगुलाबीनेही नाही, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोकं जाग्यावर आहे. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगून मळ्यात जायला मनाई केल्यापासून मी दुपारभर ओसरीवर पडून असतो. डोळा लागला की दारापुढे एक झाड दिसतं, त्याची सावली पायरीपर्यंत आलेली असते. जाग आली की तिथे नुसती माती. हे मृत्युपत्र मुख्यतः त्या मातीविषयी आहे. बाकीचं रीत म्हणून लिहितो.

कलम १. राहतं घर माझ्या कमाईचं आहे. ते माझ्यामागे माझी पत्नी हौसाबाई हिचं. तिच्या हयातीत ते कोणी विकू नये, गहाण टाकू नये, आणि "आई, इथं फक्त सही कर" असं म्हणत कागद पुढे करू नये. तिच्यानंतर मुलगा गणेश आणि मुलगी तनुजा यांचा सारखा हिस्सा. तनुजाला हक्क सोडायचं कोणी सुचवू नये. राखी वेगळी, सातबारा वेगळा.

कलम २. मळा, विहिरीवरची मोटर, फवारणीचा पंप, खुरपी आणि फुलांच्या टोपल्या गणेशला. बँकेतली ठेव हौसाची. माझा भाऊ रामकिसन याच्या म्हशीने एका दसऱ्याच्या तोंडावर माझी सगळी शेवंती चरली होती. म्हशीला मी तेव्हाच माफ केलं. रामकिसनला आज करतो, कारण वर गेल्यावरही तो माझ्याच शेजारी यायचा.

कलम ३. आता दारापुढची जागा. फाटकापासून पायरीपर्यंत एक खाट मावेल एवढी ती आहे. गणेशला तिथे फरशी हवी. "बाबा, पानं रोज कोन झाडीन? फरशी टाकू, गाडी उभी राहीन," असं तो म्हणतो. ती मोटरसायकल अजून शोरूममध्ये आहे आणि झाड अजून कुंडीत, पण दोघांचं भांडण दारात येऊन बसलं आहे. मी झाडाच्या बाजूने आहे. का, ते नीट लिहितो, म्हणजे मागून कोणी म्हाताऱ्याला चळ लागला म्हणायला नको.

आमच्या घराण्यात देवाला जाणाऱ्या फुलाचा वास घेत नाहीत. वास घेतला की फूल उष्टं झालं. लग्नानंतर पहिल्याच तोडणीला माझ्या आईने हौसाला हे सांगितलं, आणि तिने ते इतकं मनावर घेतलं की मोगरा तोडताना ती नाकावरून पदर बांधू लागली. बाजारातल्या लोकांना वाटे, या बाईला फुलांचा त्रास होतो. तिने तोडलेला मोगरा, निशिगंध फुलसिंगच्या टेम्पोतून वाशीमला गेला, देवांच्या गळ्यात पडला, नवरदेवांच्या गळ्यात पडला. हौसाच्या केसात आलं ते बाजारातून परत आलेलं, सुकलेलं फूल.

या उन्हाळ्यात ओसरीवर पडल्या पडल्या मी तिला सहज विचारलं, "हौसा, तुले कोन्त्या फुलाचा वास आवडते?"

ती मेथी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "मले काय माईत? मी कुठी घेतला कधी?"

ती हे तक्रार म्हणून बोलली नाही, म्हणूनच मला ते फार लागलं. दारापुढे तिच्यासाठी एक लहानसं फुलझाड लावायचं मी त्याच दुपारी ठरवलं. अट एकच, त्याचं फूल बाजारात जाणार नाही आणि देवळातही जाणार नाही.

वाशीमला हरीओमच्या रोपवाटिकेत गेलो. अनंत फुलला होता, कामिनी फुलली होती. हरीओम म्हणाला, "मावशी, वास घेऊन पाहा ना." हौसाने सवयीने पदर नाकावर ओढला. "इकाचा माल हाये बाबू, उष्टा कसा करू?" मी अनंत, पारिजातक आणि कामिनी, तिन्ही रोपं विकत घेतली. म्हटलं, आता हा विकायचा नाही, आपला माल झाला, घरी निवांत वास घे. टेम्पो अनसिंगला पोचेपर्यंत फुलं झडून गेली होती.

मग आम्ही आमच्या जातीला शोभेल अशी चूक केली. आम्ही पडलो वांगी-टमाटे पिकवणारी माणसं. झाड म्हटलं की पोट भरून खाऊ घालायचं, एवढंच येतं. शेणखत झालं, पेंड झाली, गणेशने न विचारता वरून युरियाही दिला. तिन्ही कुंड्या नुसत्या पानांनी माजल्या, कळी म्हणून नाही. हरीओमला फोन केला तर तो हसला. "काका, हे काय वांगं हाये? उपाशी ठेवा त्याले." भरल्या मळ्यात कोणाला उपाशी ठेवायचं हौसाच्या जिवावर आलं, तरी तिने ठेवलं.

मध्यंतरी वकील वैजयंतीताईंना मी कच्चा मसुदा दाखवला. झाडाच्या नावाची जागा कोरी होती. त्या म्हणाल्या, "काका, मृत्युपत्रात कोरी जागा सोडता येत नाही. तुम्हीच लिहा ना एखादं नाव." मी नाही लिहिलं. जन्मभर कोणतं फूल लावायचं ते मीच ठरवलं, हे एक तिने ठरवावं.

मला घाई होती, तिचंही कारण लिहितो. मी गेल्यावर आळीतल्या बाया हौसाचं कुंकू पुसायला येतील. कोणीही तसं करू नये, ही माझी स्पष्ट इच्छा आहे. फूलही तिने खुशाल माळावं. पण मी माझा गाव ओळखतो. तोंडावर कोणी बोलणार नाही, नुसत्या नजरेने डोक्यातलं फूल काढून घेतील, आणि हौसा भिडस्त आहे.

काल सकाळी कामिनी फुलली. हौसा जवळ गेली आणि तिचा हात पदराकडे गेला. मी ओसरीवरून म्हटलं, "हौसा, ते इकाचं नाही." तिने पदर सोडला आणि वाकली. पांढऱ्या पाकळ्या तिच्या गालाला चिकटल्या. ती वाकलेलीच राहिली, म्हणून मी विचारलं, "काहून वं, कसा हाये?"

"थांबा जरासं," ती म्हणाली. "आजून घेऊन राह्यली मी."

मग म्हणाली, "तुमीबी या." मी गेलो. मीही माळीच, मी तरी कुठे घेतला होता. मला रडू आलं. मृत्युपत्रात हे लिहायची रीत नसेल, तरी लिहितो.

कलम ४. म्हणून आज कोरी जागा भरतो. दारापुढच्या मातीत कामिनीचं झाड राहील आणि ते हौसाचं असेल. अनंत तनुजाने सासरी, मानोऱ्याला न्यावा. पारिजातक मारुतीच्या देवळापाशी लावावा. कामिनीला खत घालू नये, गणेशने तर मुळीच नाही. तिथे फरशी टाकल्यास कलम १ मधला गणेशचा हिस्सा तनुजाला जाईल. गाडी गल्लीत उभी करावी.

कलम ५. कामिनीचं फूल ओवता येत नाही, माळता येत नाही, हात लावला की गळतं. बाजारात त्याला कोणी विचारत नाही, म्हणून आम्ही ते कधी लावलं नाही. माझ्यामागे हौसाने संध्याकाळी त्या झाडाखाली बसावं. फुलं केसात पडतील. ती तिने माळलेली नसतील, त्यामुळे तिला भीड वाटायचं कारण नाही. ती काढून टाकावीत असं कोणाला वाटलंच, तर त्याने रोज संध्याकाळी यावं. झाडही रोज टाकत राहील.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, हौसाला वाचून दाखवला. तिला यातून मिळतं आहे, म्हणून वैजयंतीताईंच्या सांगण्यावरून तिला साक्षीदार केलं नाही. ती शेजारी बसून आहे.

लिहून देणार : चंपत सखाराम उलेमाले (सही)

साक्षीदार, ज्यांच्यासमोर सही झाली :
१. फुलसिंग राठोड, टेम्पोवाले, राहणार अनसिंग (सही)
२. हरीओम ढवळे, रोपवाटिका, राहणार वाशीम (सही)

ठिकाण : अनसिंग, घराची ओसरी
दिनांक : १९ ऑगस्ट २०२५