बाहेर उघडणारे दार

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा सुतारकाम, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. हात कापतो तो वयाचा दोष, मनाचा नव्हे. पन्नास वर्षांचा भुसा छातीत बसला आहे आणि डॉक्टरीणबाईंनी पुढच्या वर्षाची खात्री दिलेली नाही. कोणी धाक घालून किंवा गोड बोलून हे लिहून घेतलेले नाही. माझी शाळा चौथीत सुटली; पुढचे वाचन रद्दीतल्या कागदांवर झाले. कायद्याच्या भाषेत चूक निघाली तर वकिलांनी खुशाल सुधारावी, मजकुरातले मात्र काही गाळू नये.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते, ते रद्द समजावे. एका माणसाला माझ्या घरातला खिळासुद्धा मिळू नये म्हणून मी त्यात दोन पाने खर्ची घातली होती. तो माणूस माझा थोरला भाऊ. तो आता नाही.

१. माझी सर्व हत्यारे, मोठा रंधा आणि पाचही पटाशांसह, मुलीला द्यावीत. मुलीच्या जातीला हे काम नको म्हणून मी तिला लहानपणी कारखान्यातून हाकलत असे, तरी तिचा काटकोन तिच्या भावापेक्षा सरळ निघतो. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे कामही तिचेच.

२. बँकेतली शिल्लक आणि माळ्यावरचे सुकलेले लाकूड मुलाला. वखारवाल्याला काही नाही. त्याने वीस वर्षे मला ओले लाकूड वाळलेले म्हणून विकले. मला ते कळत होते, एवढे त्याला सांगावे. बिचारा फार हुशार समजतो स्वतःला.

३. माझे राहते घर, दोन खोल्या आणि मागचा कारखाना, मी माझ्या वहिनीला, म्हणजे थोरल्या भावाच्या बायकोला देतो. तिने यात राहावे किंवा हे विकून आमच्या मूळ गावात, पाण्याच्या टाकीजवळच्या उंचावर, पक्के घर बांधावे. चौदा महिने ती पत्र्याच्या शेडमध्ये आहे.

मुलगा म्हणाला, "बाबा, एकेचाळीस वर्षं ज्यांचं तोंड पाहिलं नाही, त्यांना घर?" प्रश्न रास्त आहे. उत्तर लांब आहे, ते त्याने शेवटपर्यंत वाचावे.

आम्ही दोघे भाऊ त्या किनाऱ्यावरच्या गावात वडिलांच्या हाताखाली शिकलो. मी तेहतीस वर्षांचा असताना शाळेच्या सभागृहाचे दोन पल्ल्यांचे दार मी एकट्याने केले. ते आत उघडत होते. बिजागऱ्या रस्त्यावरून दिसणे ही सुताराची लाज, असे मी मानत असे. उघडे पल्ले वाऱ्याने आपटू नयेत म्हणून आतल्या भिंतींना दोन लोखंडी आकडे लावले, तेही पदरच्या पैशांनी लोहाराकडून घडवून घेतलेले.

महिन्याभराने मी परगावच्या कामावरून परतलो तर दादाने दोन्ही पल्ले उतरवून, चौकटीची जुनी खाच बुजवून, नवी खाच बाहेरून काढली होती. माझे दार बाहेर उघडत होते आणि बिजागऱ्या सगळ्या गावाला दिसत होत्या. मी चार माणसांत जाब विचारला. तो शांतपणे म्हणाला, "आत दोनशे माणसं भरली आणि घाबरली, तर मागची पुढच्यांना ढकलणार. ढकललेलं दार उघडायला हवं, मिटायला नको."

मी म्हणालो की वाऱ्यात हे पल्ले माणसांवर आपटतील.

"त्याला तुझे आकडे आहेत की. ते बाहेरच्या भिंतीत घेऊ."

त्याच दुपारी मी दोन्ही आकडे उपसून पिशवीत टाकले. माझे नाक कापले गेले होते. माझी वस्तू कशाला ठेवू? न्हाव्याने दुकानातून हाक मारली, "काय उलटे सुतार, निघालात?" आठवड्यात बायकोमुलांना घेऊन गाव सोडले. पुढे दादाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, ती न फोडता परत धाडली. काठी मारली म्हणून पाणी दुभंगत नाही म्हणतात. मी एकेचाळीस वर्षे काठी मारत राहिलो.

गेल्या वर्षी गावावर चक्रीवादळ आले तेव्हा मी जेवत होतो. मुलीने बातमी सांगितली. मी म्हणालो, "त्या गावाला त्याचं फळ कधीतरी मिळायचंच होतं," आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. मुलगी ताटावरून उठून गेली. हे वाक्य माझ्या तोंडचे आहे आणि ते इथे राहिले पाहिजे.

नवव्या दिवशी मी गावाला गेलो. दयेने गेलो असे कोणी समजू नये. माझे दार टिकले का, हे पाहायला गेलो.

रस्ते ओळखू येत नव्हते. घरे होती तिथे नुसती जोती उरली होती, आणि चिखलात एकेक चप्पल. सभागृहाचे छत उडाले होते, भिंतीवर छातीच्या उंचीला चिखलाची रेघ होती. दाराचा डावा पल्ला बाहेरच्या भिंतीतल्या लाकडी खुंटीला अडकून सताड उघडा उभा होता. उजवा बिजागरीतून अर्धा तुटून लोंबत होता.

शाळेचा शिपाई तिथे गाळ उपसत होता. त्याने सांगितले, दोनशे अकरा माणसे आत होती. भरदुपारी समुद्राकडच्या खिडक्यांतून पाणी घुसले आणि सगळे एकदम दारावर पडले. दार उघडले. आत उघडणारे असते तर पहिल्या रांगेच्या छातीनेच ते बंद धरले असते, हे सांगायला मला शिपाई लागला नाही. दोनशे पाच माणसे पायऱ्या चढून टाकीच्या उंचावर पोचली. भिंतीतल्या लाकडी खुंट्यांपैकी उजवीकडची निखळली, पल्ला गर्दीवर आपटू लागला, तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा एक म्हातारा त्याला पाठ लावून उभा राहिला. सगळी बाहेर पडेपर्यंत हलला नाही. मग लाट आली आणि त्याच्यासह सहा जणांना घेऊन गेली. तो म्हातारा कोण, हे शिपायाने सांगितले नाही. माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा घमेले उचलले.

वहिनी शेडमध्ये होती. तिने ओळखले, "भाऊजी, बसा," म्हणाली, पाणी दिले. माझ्याकडे न बघता ती सांगू लागली की दादा दर दोन वर्षांनी त्या खुंट्या बदलत असे. एकदाच्या लोखंडी का करत नाही, असे ती चिडून विचारी. तो म्हणे, "आकडे धाकट्याकडे आहेत. आणील तो." भिंतीत त्यांची जागासुद्धा त्याने मापाने कोरून ठेवली होती.

मग तिने विचारले, "आहेत का हो अजून?"

मी म्हणालो, "हरवले कधीच."

वहिनी, ते खोटे होते. दोन्ही आकडे माझ्या कपाटाच्या खालच्या खणात, तेल लावलेल्या फडक्यात आहेत. दर वर्षी मी ते पुसत आलो, रागाने. त्यांना गंजाचा ठिपका नाही. हे कलम मुलीने वहिनीसमोर मोठ्याने वाचावे आणि आकडे तिच्या हातात द्यावेत. तिने माफ करावे अशी अट घराला नाही. तिने आकडे रस्त्यावर फेकले तरी घर तिचेच.

४. न्हाव्यावरचा माझा राग मी मागे घेतो. त्याची बायको त्या सहा जणांत होती. त्याच खेपेला मी गावात तीन आठवडे राहून पडलेल्या घरांच्या चौकटी ठोकल्या, तेव्हा त्याने आपले एकुलते अंथरूण मला दिले, स्वतः बाकावर झोपला आणि रोज सकाळी माझी दाढी केली. "उलटे सुतार, मान सरळ धरा," एवढेच बोलायचा. ज्या गावाचे वाईट झाले हे ऐकूनही मी भाकरीचा तुकडा मोडला, त्याने मला तीन आठवडे जेवू घातले. माझी लोकरीची शाल त्याला द्यावी. त्याचे आभार मी मानले नाहीत. इथे मानतो.

५. मला जाळताना चांगले लाकूड वापरू नये. वखारवाल्याचे ओले आहे ते पुरे.

६. माझ्या घराचे पुढचे दार गेल्या महिन्यात मी आणि मुलीने उतरवून बाहेर उघडते केले. बिजागऱ्या रस्त्यावरून दिसतात. वहिनी येवो न येवो, ते पुन्हा कोणी फिरवू नये.

हे सर्व मी शुद्धीत लिहिले, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवले, आणि त्यांच्यादेखत सही करतो.

(सही) धाकटा सुतार

साक्षीदार: (सही) समोरचा शिंपी
साक्षीदार: (सही) डॉक्टरीणबाई

ठिकाण: माझ्या कारखान्यातला बाक
दिनांक: अकरा, मंगळवार

सहीनंतर लिहिलेले, साक्षीदार तेच: तिसरे कलम ऐकून शिंपी म्हणाला, "मेलेल्या माणसाला कोणी उलट बोलत नाही, म्हणून हे मेल्यावर वाचायचं होय?" मला राग आला. त्याचे म्हणणे खरे आहे. शुक्रवारच्या गाडीने मी गावाला जातो आहे, मुलगी सोबत येते. आकडे पिशवीत घातले. कलम तिसरे तसेच राहू द्यावे. वहिनीसमोर माझी जीभ पुन्हा फिरली, तर तिथल्या तिथे मुलीने ते वाचावे.

(सही) धाकटा सुतार