काचेची गाडी

प्रिय पोरी,

काल गाडीचं ऑइल बदललं. पत्राची सुरुवात अशी करतात का, असं तू म्हणशील. पण सांगण्यासारखी ताजी बातमी माझ्याकडे एवढीच आहे, आणि बाकीचं एकदम पहिल्याच ओळीत लिहवत नाही. जुनं ऑइल डांबरासारखं काळं निघालं. नवं ओतलं, ऑइल मोजायची पट्टी पुसून पुन्हा बुडवून पाहिली, बरोबर दोन खुणांच्या मध्ये आलं. आणि शर्टावर एक डाग नाही! जन्मभर पोस्टाच्या खिडकीमागे बसून शिक्के मारलेल्या माणसाला याचं केवढं अप्रूप वाटतं, ते तुला कळेल, कारण माझा पहिला पराक्रम तू पाहिला आहेस.

आठवतं ना? आपल्या पोराचे उपचार तेव्हा डॉक्टरांनी थांबवले होते. फाटकापाशी वेताच्या खुर्चीत, चादर गुंडाळून तो बसला होता आणि मी गाडीखाली आडवा. तो सांगत होता, "बाबा, आधी भांडं सरकवा, मग बोल्ट काढा." मी नेमका बोल्ट आधी काढला. सगळं ऑइल कोपरावरून थेट काखेत. तो हसायला लागला आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. काही झालं की काय म्हणून तू हातातलं टाकून धावत आलीस, मला पाहिलंस आणि पायरीवर बसून पोट धरून हसलीस. तुझ्या चिमुकल्या भिंगरीला काही कळलं नव्हतं, तरी तीही टाळ्या पिटत हसली. त्यानंतर आपण सगळे असे एकत्र हसलो, असं मला आठवत नाही.

मला तेव्हा वाटायचं, गाडीला चांगली किंमत यावी म्हणून तो मला हे शिकवतोय. गल्लीत सगळे तिला काचेची गाडी म्हणायचे. मागच्या हौद्यात त्याने स्वतः बनवलेली ती तिरकी लाकडी चौकट, तिला टेकवून ठेवलेल्या खिडक्यांच्या काचा, आणि मागच्यांनी कितीही हॉर्न मारले तरी वरातीच्या चालीने गाडी हाकणारा आपला पोरगा. तो म्हणायचा, इंजिन थोडं कुरकुरलं तर खपवून घेऊ, पण चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे करकरायला लागले की काच गेलीच समजा. म्हणून पाट्यांना ग्रीस, टायरमध्ये नेमकी हवा, डिझेल फिल्टरमधलं पाणी काढणं, बॅटरीच्या टोकांना व्हॅसलिन, हे सगळं त्याने खुर्चीत बसून माझ्याकडून घोटवून घेतलं. शेवटी शेवटी तर आवाज बसला होता, बोटाने दाखवायचा. विकायचं नाव मात्र त्याने एकदाही काढलं नाही. आपल्यामागे हा माणूस रिकामा बसून राहील, ही त्याची काळजी होती. हे मला फार उशिरा उमगलं.

त्याच्यानंतर तू नोकरीसाठी भिंगरीला घेऊन त्या गावी गेलीस, ते आम्हीच तुला जा म्हणालो होतो आणि बरोबरच म्हणालो होतो. तू गेल्यावर गाडी उरली. बॅटरी उतरू नये म्हणून दर आठवड्याला मी तिला टेकडीच्या रस्त्यापर्यंत फिरवून आणतो. सीटचं तुला कधी सांगितलं नाही. तो ताडमाड, मी हा एवढासा. पण तुझ्या सासूने बजावलं होतं, सीट हलवायची नाही. मग मी पाठीमागे उशी ठेवून, चवड्यांनी क्लच दाबत चालवायचो. एकदा चौकात ब्रेकवर पाय नीट पोचला नाही आणि गाडी एका सायकलवाल्याच्या अगदी जवळ जाऊन थांबली. त्याने माझा उद्धार केला तो रास्तच होता. घरी येऊन मी हिला सांगितलं. ही हात पुसत बाहेर आली, गाडीत चढून त्या सीटवर थोडा वेळ बसली, मग उतरून तिनेच खटका ओढला आणि सीट पुढे सरकवली. त्या दिवशी ती जेवली नाही.

मागच्या महिन्यात तू आलीस. खांद्यावरची पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हतीस. "आई, बाबा, मी विचारायला नाही, सांगायला आले आहे. पण तुम्ही लग्नाला नको म्हणालात तर..." एवढं बोलून तू थांबलीस. ही म्हणाली, "चहा टाकते," आणि आत गेली. आत नळ नुसताच वाहत राहिला. तुझ्याकडे बघवेना, म्हणून मी म्हटलं, चल, गाडीतलं पाणी बघायचंय. खरं म्हणजे ते मी सकाळीच पाहिलं होतं. तू नरसाळं धरलंस आणि निम्मं पाणी माझ्या चपलांवर गेलं. मी एकच विचारलं, भिंगरीशी तो माणूस कसा वागतो? तू म्हणालीस, "तिचं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबतो, बाबा." तिचं बोलणं पूर्ण होईपर्यंत! म्हणजे त्या औषधांच्या दुकानदाराला दुकान उघडायची फुरसत मिळते कशी? हा विनोद मला तेव्हाच सुचला होता, पण करता आला नाही. माणूस मला तिथेच पसंत पडला, तेही सांगता आलं नाही. बॉनेट उघडं असलं की त्याच्याआड माणसाचं तोंड दिसत नाही, एवढा त्याचा उपयोग त्या दिवशी झाला.

तू गेल्यावर बरेच दिवस हिने तो विषय काढला नाही. मग एकदा वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना म्हणाली, "सामान नव्या घरी कशातून नेणार आहे ती?" मी म्हटलं, करेल एखादा भाड्याचा टेम्पो. "घरात गाडी असताना?" असं म्हणून तिने टॉवेलाची घडी मोडून पुन्हा घातली. "तुम्ही जा. मी येणार नाही, मला जमायचं नाही. पण राग नाही म्हणावं. एवढं नीट सांगा तिला, राग नाही." मी नीट सांगतोय.

मग मी गाडी गॅरेजात नेली. तो गॅरेजवाला तुला माहीतच आहे. मागे फिल्टर बदलून त्यातली हवा काढायला विसरला होता, आणि बंद पडलेली गाडी ढकलताना वर मलाच म्हणत होता, काका, व्यायाम होतो. मी सांगितलं, ब्रेकचे लायनर, फॅनचा पट्टा आणि मागचे दोन्ही टायर नवे घाल. तो म्हणाला, "काका, या वयात हिला एवढं कशाला नटवताय? विकून टाका." मी म्हटलं, लांब जायचंय, लग्नघरी. "कुणाचं लग्न?" "सुनेचं." तो पाना हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. "मुलीचं म्हणायचंय ना?" मी म्हटलं, हो, तेच. संध्याकाळी चाकं जमिनीला टेकवल्यावर त्याने आपणहून गाडी धुऊन दिली.

ती चौकट मात्र मी घरीच काढली. ती असताना तुझं कपाट हौद्यात मावलं नसतं. बोल्ट गंजून घट्ट बसले होते. गॅरेजवाला कापून देतो म्हणत होता, पण मी नको म्हटलं. रोज थोडं तेल सोडत, थोडं फिरवत हातानेच सोडवले. एका कडेला पेन्सिलीने काचांची मापं लिहिलेली आहेत, त्याच्या अक्षरात. चौकट मागच्या भिंतीला टेकवून ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर हिने तिच्यावर धुतलेली चादर पांघरली होती. हौदा आता एवढा मोठा दिसतो की मला त्याच्याकडे बघवत नाही. शनिवारी सकाळी येतो. कपाट रिकामं करून ठेव आणि भांडी कागदात गुंडाळ. गाडी मी अगदी सावकाश चालवीन.

आता, हे सगळं तुला फोनवरही सांगता आलं असतं. पत्र लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणाने. परवा तू अंघोळीला गेली होतीस, तेव्हा भिंगरीने मला फोन केला होता. तिने तुला सांगितलं नसणार. अगदी हळू आवाजात विचारत होती, "आजोबा, मी दुकानातल्या काकांना बाबा म्हटलं तर माझा बाबा रागावेल का?" ती पोर हॅलो, हॅलो करत राहिली आणि मी फोन ठेवून दिला. आजोबाच रागावले असं तिला वाटलं असेल. तिला जवळ घे आणि एवढं वाचून दाखव. भिंगरी, तुझी आई लग्न होऊन आमच्या घरी आली, त्या दिवशी ती मला बाबा म्हणाली. तिचे स्वतःचे बाबा तिथेच, शेजारच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी ते ऐकलं, माझ्याकडे बघून हसले आणि चहा प्यायला लागले. ते रागावले नाहीत, आणि तुझ्या आईचे बाबा म्हणूनही तसेच राहिले. तुझा बाबाही रागावणार नाही, बेटा. मी त्याचा बाबा आहे, मला माहीत आहे. तू खुशाल म्हण. शनिवारी माझ्यासमोरही म्हण, मलाही ते ऐकायची सवय करून घ्यायची आहे.

तुझाच,
बाबा